उजव्या खांद्यामागचे हवालदार

ऐका हो ऐका! ठाणे कसबा, कल्याण कसबा आणि उल्हास नदीच्या दोन्ही तीरांवरच्या समस्त मातीच्या चकत्यांना कळवण्यात येते की, गेल्या पंधरवड्यापासून आपण सर्व निर्धास्त झालेल्या आहात. आकाशात हवे तसे उडावे, उन्हात मिरवावे, वाऱ्यावर तिरके व्हावे. आपल्याला फोडणारा वकील अजून जिवंत आहे, टेंभी नाक्यावर राहतो, दोन्ही वेळा पोटभर जेवतो. परंतु त्याला फोडायला शिकवणारा माणूस गेला. सबब ही दवंडी. सर्वांनी पागोटी उतरवावीत. चकत्यांना पागोटी नसतात, त्यांनी निदान गिरक्या घेणे थांबवावे.

हवालदार, हे ऐकून तुम्ही म्हणाला असता, "झालं बोलून? आता बंदूक उचला." माझ्या आयुष्यात माझी वाक्यं मध्येच तोडणारी माणसं तीनच: न्यायाधीश, माझं कुटुंब आणि तुम्ही. न्यायाधीश पगार घेऊन तोडतात, कुटुंब हक्काने तोडतं. तुम्ही तोडत होता कारण चकती माझ्या वाक्यासाठी हवेत थांबणार नव्हती.

तुमचं गाव, पलटण, लढाया, पेन्शनीत दाखल झाल्याचा दिवस, हे सगळं पेन्शनीच्या कागदावर आहे आणि तिथेच राहू दे. मला त्या कागदाबाहेरचं बोलायचं आहे. त्यातलं थोडं गमतीचं आहे. थोडं माझ्या अंगावर येणारं आहे. गमतीचं आधी सांगतो; तसं करण्याची मला सवय आहे हे तुम्ही जाणता.

आपण रविवारी शहाडला काय करतो हे मी बाररूममध्ये सांगायचो तेव्हा लोकांना वाटायचं की वकील बहकला. बशीएवढी मातीची चकती. ती कमानीच्या यंत्राने भिरकावायची. ती पाखरासारखी उडाली की छऱ्याच्या बंदुकीने हवेतच फोडायची. "मग खायचं काय?" असं एकाने विचारलं. काही नाही. "विकायचं काय?" काही नाही. "म्हणजे मडकी फोडायला तुम्ही गाडीचं तिकीट काढून जाता?" होय. विलायतेत साहेबलोक पूर्वी खरी कबुतरं सोडून मारायचे, आता ही मातीची निघाली आहेत, असं मी सांगितलं की मंडळी साहेबाला हसायची आणि मग मला हसायची.

पण चकतीच्या आधी तुमची-माझी गाठ पडली ती खऱ्या पाखरांवरून. शहाडला नदीच्या काठी मी पारवे मारायला आलो होतो. मुंबईच्या लिलावातली दुनळी बंदूक, अंगात नवा कोट, आणि वीस वर्षांचा स्वयंशिक्षणाचा अनुभव. पाच बार काढले. पाचही पारवे पलीकडच्या काठावर जाऊन बसले आणि माझ्याकडे बघू लागले. मी वाऱ्याला दोष दिला, काडतुसाला दिला, सूर्याला दिला. करंजाच्या झाडाखाली एक म्हातारा उकिडवा बसला होता. तो म्हणाला, "पाची डावीकडनं गेलं."

"काय?"

"छर्रं. दीड हात डावीकडनं. पाची येळंला."

"आपण कोण?"

"हितलाच. पेन्शनर हाय."

"बंदूक चालवता?"

"न्हाई."

"मग आपल्याला काय कळतं?"

"बगता येतं," तुम्ही म्हणालात.

हवालदार, त्या दोन शब्दांवर मी तुमच्याशी पुढची सहा वर्षं भांडलो. जो स्वतः बंदूक धरत नाही तो शिकवणार काय? गावात हे मी एकटाच विचारत नव्हतो. शहाडच्या पाटलापासून कल्याणच्या स्टेशनमास्तरापर्यंत सगळे हसत होते. पोहता न येणाऱ्याने पोहायला शिकवावं, तसं. तुमची बाजू मला पुष्कळ दिवसांनी, तुकड्या-तुकड्यांनी कळली. पलटणीतल्या नोकरीची शेवटची अकरा वर्षं तुम्ही एका नेमबाज साहेबाच्या चकत्या उडवणाऱ्या यंत्रापाशी काढलीत. साहेब बार काढायचा, तुम्ही दोरी ओढायची. त्याचे पाहुणे यायचे, ते बार काढायचे, तुम्ही दोरी ओढायची. अकरा वर्षांत किती बार तुमच्या डोळ्यांसमोरून गेले असतील याचा हिशेब कोणी ठेवला नाही. मारणारा आपला बार बघूच शकत नाही, त्याचा गाल बंदुकीच्या दस्त्याला चिकटलेला असतो आणि नजर पाखरावर. मागे उभ्या असलेल्याला मात्र छऱ्याचा पुंजका हवेत जाताना दिसतो. मला हे खरं वाटेना. तुम्ही म्हणालात, "तुमास्नी तुमची पाठ दिसती का? मला दिसती."

पहिल्या दिवशी तुम्ही मला बंदुकीला हात लावू दिला नाहीत. नदीपलीकडच्या ताडाच्या शेंड्याकडे बोट दाखवायला सांगितलंत, दोन्ही डोळे उघडे ठेवून. मग म्हणालात, "डावा झाका." मी डावा डोळा झाकला आणि माझं बोट ताड सोडून शेजारच्या शेतात गेलं.

"आता उजवा झाका."

उजवा झाकला. बोट पुन्हा शेंड्यावर.

"तुमचा डावा डोळा मालक हाय," तुम्ही म्हणालात, "आन् बंदूक उजव्या खांद्यावर. ईस वरसं झाली, ह्यो म्हणतो हिकडं, ती जाती तिकडं."

अर्ध्या तासात! वीस वर्षं मी वाऱ्याला शिव्या घालत होतो. माझ्याजवळ विलायतेहून मागवलेलं नेमबाजीचं एक पुस्तक होतं, ते मी दोनदा वाचलं होतं. पुस्तकाला माझा डोळा दिसत नव्हता, एवढीच त्या पुस्तकाची अडचण. ज्यांना वाटतं की कसब पुस्तकातून आणि रागातून येतं, त्यांना मी हा ताडाचा शेंडा दाखवतो.

उपाय तुम्ही खास आपल्याकडचाच केलात. माझ्या चष्म्याच्या डाव्या काचेवर, नेमक्या एका जागी, चंदनाच्या गंधाचा टिकला लावलात. डाव्या डोळ्याला नळीचं तोंड दिसेना, उजवा बिचारा कामाला लागला. त्या दिवशी मी तसाच घरी आलो. आमच्या घरातून प्रश्न आला, "कपाळाचं गंध चष्म्याला कधीपासून लागायला लागलं?" आणि आमच्या आळीतल्या जोशीकाकूंनी सगळीकडे सांगितलं की वकिलांनी कसलंसं कडक व्रत धरलं आहे, आता वाईट काही बघायचंच नाही, निदान डाव्या डोळ्याने. पुढे एक पक्षकार केवळ त्या व्रतावर विश्वास ठेवून माझ्याकडे आला. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

दुसऱ्या रविवारी दस्ता. माझी बंदूक कुणा सहा फुटी गोऱ्यासाठी केलेली. मी साडेपाच फूट, तेही पागोट्यासकट. तुम्ही कल्याणच्या सुताराकडून दस्ता दोन बोटं कापवून घेतलात. मी केवढा ओरडलो! "विलायती माल आहे, हवालदार!" तुम्ही म्हणालात, "माल विलायती हाय. खांदा ठाण्याचा हाय."

तिसऱ्या रविवारी तुम्ही मला विचारलंत की लहानपणी विटीदांडू खेळलात का. म्हटलं, खेळलो, नौपाड्याच्या शेतांत अख्ख्या ठाण्याला राज्य दिलंय. "विटी उडाल्यावर दांडूकडं बगायचा का विटीकडं?" विटीकडे. "आन् दांडू विटीला लागला की थांबवायचा?" छे, थांबवला तर विटी पायाशी पडेल, दांडू फिरतच राहिला पाहिजे. "मंग बंदूक का थांबवताय?"

त्या एका प्रश्नाने जे झालं ते सांगून पटणार नाही. मी नळीकडे बघणं सोडलं, पाखराकडे बघू लागलो, बार काढल्यावरही बंदूक फिरवत राहिलो. माझ्या अंगात ती चाल आठव्या वर्षापासून होती. नवीन काही घातलंत असं नाही, माझंच मला नेमक्या जागी आणून दिलंत. आणि दर रविवारी एकच गोष्ट. मी हावरा, मला एका दिवसात सगळं हवं असायचं. "आज एकच," तुम्ही म्हणायचात, आणि उरलेल्या दहा चुका दिसत असूनही तोंड मिटून बसायचात. आता कळतं की शिकवणाऱ्याचं निम्मं कसब त्या मिटलेल्या तोंडात होतं. मी वकील, मला एवढं गप्प बसणं या जन्मी जमणार नाही.

चकत्या आल्या त्या यंत्रामुळे. तुमचा साहेब विलायतेला परत जाताना ते गंजलेलं यंत्र तुम्हाला देऊन गेला होता. चकत्या मात्र साहेबाबरोबर संपलेल्या. तेव्हा कल्याणच्या कुंभारवाड्यातून तुम्ही गणूला आणलंत. गणू कुंभार, वय पन्नास, हात दगडासारखे, अभिमान त्याहून कठीण. त्याने चकत्या घडवल्या, भाजल्या, टोपलीतून डोक्यावर आणल्या आणि यंत्राची दोरीही स्वतःच ओढायला उभा राहिला.

"सोड!" मी म्हटलं. चकती उडाली. बार काढला. टणत् आवाज झाला आणि चकती मजेत पुढे जाऊन गवतात उतरली. दुसरी, तिसरी, नववी. टण्, टण्, टण्. देवळातली घंटा वाजावी तसं. मी रडकुंडीला आलो. तुम्ही गवतात गेलात, एक चकती उचलून आणलीत आणि माझ्या हातात दिलीत. तिच्यावर छऱ्यांचे सात ठिपके होते. फुटणं सोडा, तडा नव्हता.

"तुमी न्हाई चुकला," तुम्ही म्हणालात. "गणू चुकला."

गणू लाल झाला. "मी चुकलो? माजी चकती फुटली नाय हे माजं चुकलं? हवालदार, तीन पिढ्या झाल्या, आमच्या भट्टीतला माल कोनाच्या बानं फुटला नाय!"

"अरं, पर ही फुटायलाच करायची हाय!"

"फुटायला करायची तर करायची कशाला?"

 जगातला कुठलाही शहाणा कुंभार यापेक्षा वेगळं बोलला नसता. तुम्ही मग तीन रविवार मला सोडून गणूला शिकवलंत. मातीत राख किती, तूस किती, भाजायचं कुठवर. तो आधी रागावला, मग रुसला, मग चकत्या परसात बसून करू लागला, जातभाईंनी कच्चं काम करताना बघू नये म्हणून. ज्या दिवशी पहिली चकती हवेत फुटून तिची लाल धूळ झाली, त्या दिवशी मी नाचलो, तुम्ही मान हलवलीत आणि गणू म्हणाला, "गेली बिचारी." पुढे सहा वर्षं प्रत्येक फुटणाऱ्या चकतीला तो हेच म्हणायचा. मला अजून ते ऐकल्याशिवाय नेम लागल्याचं समाधान होत नाही.

आता ते, जे मी टाळतो आहे.

एके दिवशी नदीकाठी तुम्ही मला एक कागद वाचायला दिलात. साहेबाने जाताना दिलेला दाखला. इंग्रजी बोललेलं तुम्हाला समजत होतं, अकरा वर्षांत कोणालाही समजेल. वाचता येत नव्हतं. तो कागद तुम्ही इतकी वर्षं मेणकापडात बांधून ठेवला होता आणि कुणाला दाखवला नव्हता. मी वाचून मराठीत सांगितलं: प्रामाणिक आहे. दारू पीत नाही. यंत्र उत्तम ओढतो.

"आन्?"

"खाली सही आहे."

"शिकवतो, असं कुटं न्हाई?"

मी कागद पुन्हा उलटसुलट बघितला. नव्हतं. त्या साहेबाचाही गाल दस्त्यावरून उठायचा, हे तुम्ही मला कधीतरी सांगितलं होतं. पहिल्या वर्षी दहात चार लागायचे, शेवटी दहात नऊ, आणि मधली सगळी वर्षं तुम्ही त्याच्या मागे उभे राहून "वर गेलं, साहेब", "मागे राहिलं, साहेब" असं हळूच सांगत आलात.

"एकदा," तुम्ही म्हणालात, "कुटंतरी, कुणीतरी लिवावं. न्हाईतर निदान चारचौघांत म्हणावं. शिकवणारा, म्हून." मग कागदाची घडी घातलीत आणि मला बंदूक उचलायला सांगितलंत. मी तेव्हा फार जोरात म्हणालो होतो की हवालदार, काळजी करू नका, मी म्हणेन.

आणि आपला तो जुना वाद. मी म्हणायचो, शिकवणं ठीक आहे, पण मुळात माणसात काही उपजत असावं लागतं. तुम्ही उगाच मान घेऊ नका. तुम्ही म्हणायचात, "उपजत फकस्त भूक असती, वकीलसाहेब. बाकीचं समदं कुणीतरी शिकवलेलं असतं." मी पक्ष्यांची उदाहरणं द्यायचो, माशांची द्यायचो. तुम्ही ऐकून घ्यायचात. हा वाद संपला नाही. कसा संपणार, त्याचा निकाल मीच भर मैदानात तुमच्याविरुद्ध लावून टाकला.

ठाण्याला खाडीकाठच्या मैदानावर साहेबलोकांचा चकत्यांचा सामना व्हायचा. त्या वर्षी पहिल्यांदाच दोघा-तिघा देशी गृहस्थांना बोलावणं आलं. माझ्या परवान्यावर बंदूक, माझ्या खांद्यामागे तुम्ही, काडतुसांची पिशवी घेऊन. गणूही आला होता, विलायती चकत्या कशा असतात बघायला. एक उचलून त्याने नखाने खरवडली आणि तुच्छतेने म्हणाला, "ही तर भाजलीच नाय."

वीस चकत्या. माझ्या सतरा फुटल्या. रेल्वेच्या एका साहेबाच्या अठरा, तो पहिला, मी दुसरा. दुसरा, पण देशी. त्यामुळे टाळ्या मलाच जास्त. दीडशे माणसं असतील. खुर्चीवरचे बडे साहेब उठून आले, हात पुढे केला आणि विचारलं, "तुम्हाला कुणी शिकवलं?"

हवालदार, माझी बाजू मांडायला मी फार चांगला वकील आहे. मी म्हणू शकतो की उन्हाने डोकं फिरलं. टाळ्यांनी फिरलं, हे तर खरंच आहे. पण खरं एवढंच की त्या क्षणी मला वाटलं, उत्तर जितकं लहान, तितका मी मोठा. मी कोर्टात लावतो तो आवाज लावला आणि म्हणालो, "कुणी नाही, साहेब. उपजतच आहे."

लोकांनी वाहवा केली. साहेब शेजारच्या गृहस्थाकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "वाईट झालं. या मैदानाला एक शिकवणारा माणूस नेमायचा होता. याला कुणी शिकवलं असतं तर त्यालाच उद्यापासून ठेवला असता."

मला ते ऐकू आलं. तुम्ही माझ्यापासून दोन पावलांवर होता, म्हणजे तुम्हालाही आलं. साहेब आणखी दोन श्वास तिथेच उभे होते. वाक्य फिरवायला तेवढा वेळ पुष्कळ होता. साक्षीदार भलतंच बोलून गेल्यावर मी याहून कमी वेळात त्याचं वाक्य फिरवलं आहे. मी हसलो आणि साहेबांचा हात पुन्हा एकदा हलवला.

स्टेशनाकडे चालताना मी वाट बघत होतो की तुम्ही काही बोलाल. शिवी द्या, पिशवी टाकून निघून जा, काहीतरी करा. तळ्याचा काठ आला. मग तुम्ही म्हणालात, "अकरावीला डोकं उठलं. तेरावी न् अठरावी, बंदूक थांबली." एवढंच. माझ्या तीन चुका. चौथीचं नाव तुम्ही घेतलं नाहीत.

ती जागा पुढे एका रिटायर गोऱ्या सार्जंटला मिळाली. तो मोठ्याने ओरडतो, असं ऐकतो.

आणि तुम्ही पुढच्या रविवारी करंजाखाली हजर! मीच घाबरत आलो होतो. तुम्ही त्यानंतरही दोन वर्षं मला शिकवलंत. मी इतका निर्लज्ज की शिकलो. डावीकडून उजवीकडे जाणारी, समोरून अंगावर येणारी, एकदम दोन सोडलेल्या: सगळं त्या दोन वर्षांतलं. कोर्टातही मला त्याचा उपयोग झाला. साक्षीदाराला दहा प्रश्न विचारायची माझी खोड गेली. आज एकच, असं मनाशी म्हणून मी उठतो आणि बहुतेक वेळा तो एकच पुरतो. हे पक्षकारांना सांगत नाही. त्यांना वाटतं, हेही उपजत.

एकदा मी बोलायचा प्रयत्न केला. गेल्या थंडीत, तुमच्या ओटीवर, घरच्या बाईंनी दिलेला चहा पीत. म्हटलं, "हवालदार, त्या मैदानावर मी जे..." तुम्ही कप खाली ठेवलात. "आज एकच, वकीलसाहेब. आज समोरनं येणारी." आणि उठलात. ती माफी होती, की शिक्षा, की खरंच समोरून येणारीच शिकवायची होती, हे मी तुम्हाला विचारायला हवं होतं. मी बंदूक घेऊन मागोमाग आलो. तेव्हा तुम्ही खोकत होता. मला वाटलं, हवा.

काल तुमचं तेरावं झालं. मी पहिल्या गाडीने निघालो. वाटेत डब्यात मी भाषण तयार केलं आणि, खोटं कशाला सांगू, ते उत्तम झालं होतं. सुरुवातीला एक गमतीचा प्रसंग, मध्ये गहिवर, शेवटी कबुली. मुंब्र्याच्या डोंगरापाशी मला स्वतःलाच हुंदका आला आणि समोरच्या वाण्याने मला पाणी दिलं.

तुमच्या ओटीवर पंचवीसेक माणसं होती. शहाडची मंडळी, दोन म्हातारे पेन्शनर, पाटील, कल्याणचे स्टेशनमास्तर, जे तुम्हाला हसायचे. गणू खांबाला टेकून बसला होता. बाई आतल्या दारात होत्या, पदर डोक्यावरून, चेहरा दिसत नव्हता. कोपऱ्यात यंत्र होतं, त्यावर कुणीतरी धुतलेलं धोतर वाळत घातलं होतं.

जेवणं झाली. पाटील म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही त्यांचे जवळचे. चार शब्द बोला." मी उठलो. भाषण गेलं. पहिलं वाक्यसुद्धा राहिलं नाही. आणि पंचवीस वर्षं मी बोलून पोट भरतो आहे! मी माझ्या पायांच्या बोटांकडे बघत, जमिनीला सांगावं तसं म्हणालो की, त्या मैदानावर मी जे सांगितलं ते खोटं होतं. मला हवालदारांनी शिकवलं. सगळं त्यांनीच शिकवलं. ती जागा त्यांची होती.

 मागच्या माणसांनी पुढच्यांना "काय म्हणाले?" असं विचारलं. पुढच्यांनाही ते नीट ऐकू गेलं नव्हतं. मला वाटलं, झालं, बोललो एकदाचा, आता खाली बसावं. मी बसायला वाकलोही.

तेव्हा गणू खांबापासून सरळ झाला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "वकीलसायेब, खोटं बोललात तवा अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं. आता खरं सांगताना पुटपुटताय कशाला?"